मलिक अंबर : मालक मेला, गाव मेला नाही

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंय. पण आज कविता वाचणार नाही, एका माणसाबद्दल बोलणार आहे. चुकलो तर मधेच थांबवा, भांडा. अभ्यासवर्गात टाळ्या कमी आणि भांडण जास्त झालं पाहिजे.

सुरुवात एका शिवीपासून करतो. मागच्या पावसाळ्यात पाळी सुटायच्या वेळी आमच्या टोळीतला एक पोरगा बोज्याखाली अडखळला. काळाकुट्ट, दणकट, आपल्यातलाच. मुकादम ओरडला, "ए हबशा, डोळे फुटले काय?" सगळे हसले. मीपण हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. रात्री झोप येईना. हबशी, हबशी म्हणून आपण लहानपणापासून ऐकतो. पोर काळं असलं की हबशी. ज्याच्या नावाची ही शिवी झाली तो माणूस कोण, हे शाळेत कुणी धड सांगितलं नाही. पुस्तकात चार ओळी होत्या. निजामशाहीचा वजीर, मोगलांशी लढला, शेतसाऱ्याची पद्धत घातली. संपलं. तो विकलेला माणूस होता, हे त्या चार ओळींत असंच कुठंतरी कोपऱ्यात पडलेलं होतं.

मी म्हणतो, गोष्ट तिथूनच सुरू होते.

आफ्रिकेतला तो डोंगराळ मुलूख, ज्याला आज इथिओपिया म्हणतात, त्याला अरब लोक 'हबश' म्हणत. तिथला माणूस तो हबशी. तिथून पोरं पकडायची, तांबडा समुद्र ओलांडायचा, अरबी बाजारात विकायची. तिथून पुढं गलबतात भरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवायची. आज आपण धक्क्यावर पेट्या आणि गोण्या उतरवतो. त्या काळी याच किनाऱ्यावर माणसं उतरवली जात होती, आणि ती मोजून घेणारा कारकून तेव्हाही होता.

सुमारे १५४८ साली त्या मुलखात एक पोरगा जन्मला. त्याचं नाव चापू. तो येमेनमधल्या मुखाच्या बाजारात विकला गेला. किंमत ऐंशी गिल्डर. हे कुणी लिहून ठेवलं? पीटर व्हॅन डेन ब्रुक नावाच्या डच व्यापाऱ्यानं. तो १६१७ साली दौलताबादजवळच्या छावणीत अंबरला स्वतः भेटला होता. व्यापारीच तो, त्यानं किंमत बरोबर लिहून ठेवली. मुखाहून पोरगा बगदादला गेला. तिथल्या मालकानं त्याला मुसलमान केलं, शिकवलं, हिशेब-कारभार दाखवला आणि नवं नाव दिलं. अंबर. अंबर म्हंजे समुद्रात सापडणारं सुगंधी द्रव्य.

इथं जरा थांबू या. गुलामांची नावं बघा. अंबर. काफूर म्हंजे कापूर. याकूत म्हंजे माणिक. मालक गुलामाला अत्तरांची आणि रत्नांची नावं द्यायचे. कारण गुलाम हा किमती माल होता. आणि आपल्या आजा-पणजांची नावं काय होती? कचरू, धोंड्या, दगडू, उकिरड्या. शूद्राचं नाव ऐकताच किळस यावी असं असलं पाहिजे, हे मनुस्मृतीत लिहिलेलं आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं ते उगाच नाही. गुलामाच्या मालकाला निदान माल विकायचा होता, म्हणून नाव तरी वासाचं दिलं. आपल्याला विकायचीही गरज नव्हती. आपण फुकटच होतो.

आता दुसरा प्रश्न. दख्खनच्या सुलतानांना एवढ्या लांबून माणसं विकत आणायची काय गरज होती? इथं माणसं कमी होती का? त्याचं कारण दरबारात होतं. तिथं दोन तट होते. एक इथलेच जुने दख्खनी मुसलमान, दुसरे इराणकडून नि मध्य आशियातून आलेले, त्यांना आफाकी म्हणत. दोघांचे भाऊबंद, सोयरे, जहागिरी. कोण कधी उलटेल याचा नेम नाही. मग सुलतानाला आणि सरदाराला असा शिपाई पाहिजे, ज्याला भाऊ नाही, जमीन नाही, परत जायला गाव नाही. ज्याचं सगळं जग म्हंजे मालक. असा माणूस जन्माला येत नाही, तो करावा लागतो. पोराला आईपासून तोडलं, भाषेपासून तोडलं, नावापासून तोडलं की असा शिपाई तयार होतो.

अंबर दख्खनमध्ये आला १५७०च्या पुढं. त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं. आणि मजा बघा, हा चंगेजखान स्वतःच पूर्वीचा हबशी गुलाम. त्यानं असे हजारभर हबशी विकत घेतलेले होते, त्यातला एक अंबर. म्हंजे विकलेला माणूसच पुढं विकत घेणारा झाला होता. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडं परत यायचं आहे.

चार-पाच वर्षांत चंगेजखान मेला. मालक मेला आणि मालकिणीनं अंबरला मोकळं केलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा जवान, हातात तलवार, डोक्यात कारभार, आणि जगात कुणी नाही. पुढची वीस वर्षं तो भाडोत्री शिपाई होता. विजापूरला चाकरी केली. तिथं त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. पण माणसं जमवायची आणि ती खाऊपिऊ घालून टिकवायची हे तो शिकला. १५९५ साली तो निजामशाहीत परत आला तेव्हा त्याच्यामागं दीडशे स्वार होते. नुसते दीडशे.

तेव्हा निजामशाही बुडत होती. अकबराच्या फौजा अहमदनगरच्या तटाला भिडल्या होत्या. चांदबिबी लढत होती. १६०० साली तिला तिच्याच माणसांनी मारलं आणि किल्ला पडला. दिल्ली-आग्र्याच्या हिशेबात निजामशाही संपली. पण किल्ला पडला म्हंजे मुलूख पडत नाही, हे अंबरला कळलं होतं. त्यानं राजघराण्यातला एक पोरगा शोधला, त्याला परांड्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली, आणि सगळी सूत्रं आपल्या हातात घेतली. दीडशे स्वारांचा माणूस एका राज्याचा चालक झाला.

१६००पासून १६२६पर्यंत. सव्वीस वर्षं. समोर आधी अकबर, मग जहांगीर. त्या काळात जगातल्या मोठ्यात मोठ्या फौजांपैकी एक समोर उभी. तोफा, हत्ती, खजिना. आणि इकडं काय? १६१०च्या सुमाराला विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की अंबरजवळ त्याच्या स्वतःच्या जातीचे दहा-बारा हजार आणि दख्खनी चाळीस हजार होते. या दख्खनी फौजेत मराठे घोडेस्वार मोठ्या संख्येनं होते. हलकी घोडी, पाठीवर शिधा, डोंगर-घाट तळहातासारखे पाठ. मोगलांचा मोठा तळ पडला की त्याच्याशी समोरासमोर भिडायचं नाही. त्याची रसद तोडायची, चारा जाळायचा, रात्री अंगावर जायचं, सकाळी डोंगरात गडप व्हायचं. मोगल त्यांना बारगीर म्हणत आणि दात खात.

ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो आणि ज्याचं मूळ शिवाजी महाराजांपासून सांगतो, त्याची मोठी शाळा या हबशाच्या छावणीत भरलेली होती. त्या शाळेत शिकलेले कोण? शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी निजामशाहीचे सरदार. वडील शहाजीराजे अंबरच्या हाताखाली लढलेले. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. खुद्द शिवाजी महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदानं 'शिवभारत' या संस्कृत काव्यात भातवडीची लढाई रंगवली आहे, तिथं अंबर आणि शहाजी एका बाजूला आहेत.

ती भातवडीची लढाई ऐका. साल १६२४. अंबर सुमारे पंचाहत्तरीचा म्हातारा. एका बाजूनं मोगल, दुसऱ्या बाजूनं विजापूरची फौज, दोघं मिळून त्याला चिरडायला निघाले. अहमदनगरजवळ भातवडी गाव. तिथं तलाव. म्हाताऱ्यानं तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या तळाच्या वाटांवर पसरलं. चिखलात तोफांचे गाडे रुतले, हत्ती अडकले, वाटा बंद झाल्या. मग रोज रात्री छापे. शिधा संपला. शत्रूचे शिपाई पळून अंबरकडं यायला लागले. आणि मग एके दिवशी त्यानं झडप घातली. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद मारला गेला. या लढाईत शहाजींचा भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूनं लढताना पडला. एका भोसल्याचं रक्त एका हबशाच्या झेंड्याखाली सांडलं, मोगलांविरुद्ध. ज्यांना इतिहास म्हंजे हिंदू विरुद्ध मुसलमान एवढंच कळतं, त्यांनी भातवडीचा हिशेब लावून दाखवावा. इकडं हबशी आणि मराठे. तिकडं मोगल, विजापूरकर, आणि त्यांना जाऊन मिळालेले मराठे सरदारसुद्धा. लखुजी जाधवराव तेव्हा मोगलांकडं होते. माणसं धर्मावर लढत नव्हती. जहागिरीवर, चाकरीवर, मुलखावर लढत होती.

अंबर सगळ्याच लढाया जिंकला असंही नाही. १६१६ साली रोशनगावला तो जबर हरला. मोगलांनी त्याची राजधानी जाळली. पाच वर्षांनी, १६२१ साली, पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा तो उठला. दोन्ही वेळा शहर पुन्हा बांधलं.

जहांगीरचा जळफळाट तर बघण्यासारखा. आपल्या आत्मचरित्रात तो अंबरला काळ्या तोंडाचा, करंटा असं काय काय म्हणतो. आमच्या मुकादमाचाच भाऊ तो, फक्त गादीवर बसलेला. १६१६च्या आसपास त्यानं अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. चित्रात भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं काळं मुंडकं आहे, आणि पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून जहांगीर त्याला बाण मारतोय. खऱ्या आयुष्यात जहांगीर त्या मुंडक्याला हात लावू शकला नाही. म्हणून रंगात मारलं. आपणसुद्धा हे ओळखलं पाहिजे, की सत्ता ज्याला मारू शकत नाही त्याचं चित्र बिघडवते. १४ मे १६२६ ला अंबर ऐंशीच्या घरात पोचून मेला. तेव्हा त्याच दरबारच्या इतिहासकाराला लिहावं लागलं, की युद्धात, हुकुमतीत, कारभारात या माणसाला जोड नव्हती, आणि हबशी गुलाम एवढा चढल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. मेल्यावर का होईना, शत्रूनं कबूल केलं.

आता त्याच्या शहराबद्दल. १६१० साली त्यानं खडकी नावाच्या गावाच्या जागी राजधानी वसवली. मशिदी बांधल्या, वाडे बांधले, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ साली भडकल दरवाजा बांधला. आणि सगळ्यात मोठं काम म्हंजे नहर-ए-अंबरी. डोंगराच्या बाजूला जमिनीखालचं पाणी अडवून, जमिनीखालूनच बांधीव नळातून, नुसत्या उतारावर शहरात आणलं. ना मोट, ना पंप. मधे मधे हवेसाठी आणि साफसफाईसाठी बांब ठेवले. शेकडो वर्षं त्या नहरीनं शहराला पाणी पाजलं. ज्या मुलखात आजही उन्हाळ्यात टँकरमागं बाया धावतात, तिथं एका विकलेल्या माणसानं चारशे वर्षांपूर्वी पाण्याचा हिशेब मांडला होता.

इथपर्यंत ऐकून तुमच्यातल्या काही जणांचे डोळे चमकायला लागलेत. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. लावा अंबरचा फोटो, काढा मिरवणूक, आपला राजा म्हणा त्याला.

थांबा. आता भांडणाचा भाग येतोय.

अंबर राजा होता तेव्हा आपण कुठं होतो? आपण, म्हंजे खेड्यातला महार, मांग, चांभार, ढोर? शहराच्या नहरीवर नाही, मोगलांच्या तंबूवर झालेल्या छाप्याच्या गाण्यात नाही. आपण गावकुसाबाहेर होतो. आणि अंबरनं त्या गावाचं काय केलं, ते बघितल्याशिवाय त्याची मिरवणूक काढायची नाही.

त्याची शेतसाऱ्याची पद्धत पुढं मलिकंबरी म्हणून नावाजली. त्याआधी सरकार गावच्या साऱ्याचा मक्ता द्यायचं. मक्तेदार येणार, कुणब्याची साल काढणार, सरकारला थोडं देऊन बाकीचं खिशात घालणार. अंबरनं हे मक्ते बंद केले. जमिनीचा मगदूर बघून सारा ठरवला. आधी धान्यात पिकाचा दोन पंचमांश, मग रोखीत सुमारे एक तृतीयांश, असं इतिहासकार सांगतात. रयत सावरली, ओस पडलेली रानं लागवडीला आली. पुढं शिवशाहीतल्या व्यवस्थेनं यातलं पुष्कळ घेतलं. चांगलं काम. मान्य.

पण त्यानं हे केलं कुणाच्या हातून? पाटील आणि कुलकर्ण्याच्या. त्यांची वतनं पक्की केली. मिरासदाराचा हक्क पक्का केला. म्हंजे गावाची उतरंड होती तशी ठेवली आणि वर सरकारचा शिक्का मारला. त्या उतरंडीच्या तळाला कोण? गावाची शीव दाखवणारा महार. वर्दी देणारा महार. साऱ्याचा भरणा डोक्यावर घेऊन पाटलामागं चालणारा महार. मेलेलं ढोर ओढणारा महार. सगळ्या गावाची शीव ज्याला पाठ, त्याचं घर शिवेच्या आत नव्हतं. निजामशाही गेली, मोगलाई आली. पेशवाई आली, इंग्रज आला. राज्यं बदलली. हे वतन बदललं नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं तेव्हाही ते तसंच होतं. ते जायला १९५८ सालचा कायदा यावा लागला. अंबर मेल्यानंतर तीनशे बत्तीस वर्षांनी.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केलेली आहे. ती प्रत्येकानं वाचली पाहिजे. गुलामगिरी वाईटच. पण तिला दरवाजा असतो, अस्पृश्यतेला नसतो, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. अंबरचं आयुष्य समोर ठेवलं की हे लख्ख दिसतं. चापू विकला गेला, पण त्याला शिकवलं. कारण शिकलेल्या गुलामाची किंमत वाढते. आपल्याला शिकवायचं तर सोडाच, ऐकलं तरी कानात शिसं ओतायचा नियम होता. अंबरच्या हातात तलवार दिली. आपल्या कमरेला झाडू नि गळ्यात मडकं अडकवलं. अंबरचा मालक मेला आणि अंबर सुटला. आपला मालक मरतच नाही. कारण आपला मालक माणूस नाही. आपला मालक गाव आहे. पाटील मेला, पाटलाचा मुलगा आला. भट मेला, भटाचा मुलगा आला. गाव काही मरत नाही. मग आपल्याला मोकळं कोण करणार?

आणि गुलामगिरीचा तो दरवाजासुद्धा किती खरा होता? त्याच डच व्यापाऱ्यानं लिहिलेली एक गोष्ट आहे. सुलतान मुर्तजाची एक बायको इराणी होती आणि दुसरी अंबरची मुलगी. एके दिवशी इराणी बायकोनं भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून घालूनपाडून बोललं. बाप राज्य चालवतोय, त्याच्याशिवाय नवऱ्याची गादी एक दिवस टिकणार नाही, तरी पोरगी गुलामाचीच. मुलीनं बापाला कळवलं. १६१० साली अंबरनं सुलतानाला आणि त्या बायकोला विष घालून मारलं आणि त्यांच्या लहान पोराला गादीवर बसवलं.

ही गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा मी मनात म्हणालो, बरं केलं. आपल्या आया-बहिणींना काय काय ऐकावं लागलंय ते आठवलं. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा विचारात पडलो. अंबरला शिवी झोंबली. शिवी देणारी मेली. पण शिवीचं काय झालं? ज्या बाजारात चापू विकला गेला तो बाजार चालूच राहिला. हबशी पोरं गलबतांतून उतरतच राहिली. ऐंशी गिल्डरला विकलेला माणूस एका राज्याचा धनी झाला, पण माणूस विकायचा नाही असा हुकूम त्यानं काढला नाही. चंगेजखान जे शिकवून गेला तेच त्यानं पुढं चालवलं. मालक बदलता येतो, एवढं त्याला कळलं होतं. मालकीच मोडायची असते, हे त्याच्या काळाच्या आवाक्यात नव्हतं.

मी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. सोळाव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकाचा जाहीरनामा विचारायचा नाही. मी हे आपल्यासाठी बोलतोय. कारण आपल्यातही असे अंबर तयार होतात. आपल्यातला एखादा वर चढतो, मोटारीत बसतो, खुर्ची मिळते. कुणी जात काढली तर त्याला विष चढतं, आणि ते बरोबरच आहे. पण वस्तीतल्या पोराला मुकादम हबशी म्हणतो तेव्हा तो काच वर करून पुढं जातो. एकटा माणूस वर गेला म्हंजे शिडी तयार झाली असं होत नाही.

आता याच मुलखातली दुसरी गोष्ट. १९३४ साल. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळला जायच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला बघायला गेले. हा तोच किल्ला, अंबरच्या राज्याचं काळीज. रमजानचा महिना. प्रवासानं तोंडं धुळीनं भरलेली. दरवाज्याजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला म्हणून. माणसं जमली, शिव्या झाल्या. बाबासाहेबांनी उलट विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आम्ही मुसलमान झालो तर पाणी घेऊ द्याल का? शेवटी किल्ला बघू दिला, पण कुठंच पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. बरोबर हत्यारबंद शिपाई दिला, पाण्यावर नजर ठेवायला.

विचार करा. ज्या किल्ल्यावरून एका विकलेल्या हबशानं राज्य केलं, त्या किल्ल्यावर तीनशे वर्षांनी जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकलेला माणूस हौदाला हात लावू शकत नव्हता. गुलाम तिथं मालक होऊ शकला. अस्पृश्य तिथं माणूस होऊ शकला नाही. हिंदूंचा चवदार तळ्यावरचा पहारा आणि मुसलमानांचा त्या हौदावरचा पहारा, दोन्ही पहारे एकाच गावानं बसवलेले होते. म्हणून मी म्हणतो, अंबर मुसलमान होता म्हणून त्याच्या विरुद्ध जाऊ नका, आणि तो मुसलमान होता एवढ्याचसाठी त्याला डोक्यावर घेऊ नका.

शेवटाकडं येतो. त्याच्या शहराच्या नावाचं काय झालं ते सांगतो. अंबर मेला आणि त्याच्या मुलानं, फतेहखानानं, खडकीचं नाव फतेहनगर केलं. १६३३ साली त्याच फतेहखानानं दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. १६५३ साली औरंगजेबानं शहराला आपलं नाव दिलं, औरंगाबाद. २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झालं. ज्यानं शहर वसवलं, ज्यानं पाणी आणलं, त्याचं नाव शहराला एकदाही लागलं नाही. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे आणि तिथंच मलिक अंबरचीही कबर आहे. २०२५च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल पेटली. आयुष्यभर मोगलांशी लढलेला माणूस त्याच गावात झोपलाय, त्याची आठवण ना कबर उखडायला निघालेल्यांना झाली, ना कबर राखणाऱ्यांना. दोघांच्याही गोष्टीत तो बसत नाही.

नाव म्हंजे काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला. त्या एका नावासाठी मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधे साडेपंधरा वर्षं. विद्यापीठाच्या कमानीखालून जाताना आपली माणसं अजून नमस्कार करतात, ती त्या साडेपंधरा वर्षांना करतात.

आणि आता हे ऐका. अंबरनं विजयाची खूण म्हणून बांधलेला तो भडकल दरवाजा अजून उभा आहे. त्याच्यापाशी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला आपली हजारो माणसं तिथं जमतात. मीपण गेलोय. निळे झेंडे, ढोल, बाया-पोरं. दरवाज्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, त्याचं नाव नंतर कळलं.

पुढच्या वेळी जाल तेव्हा मान वर करून तो दरवाजाही बघा. तो एका विकलेल्या पोरानं बांधलाय. त्याला सांगा, तुझी तलवार आम्हाला कळली, तुझं पाणी कळलं. तुझी शिवी तर आम्ही रोज खातो. पण तू मालकाच्या खुर्चीपर्यंत गेलास, आम्हाला तिथं थांबायचं नाही. मग पुतळ्याकडं वळा. त्याच्या हातात पुस्तक आहे. अंबरचा राहिलेला हिशेब त्या पुस्तकात सुरू होतो, आणि तो आपण पुरा करायचा आहे.

त्या पोराला, बोज्याखाली अडखळलेल्या, मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ही सगळी गोष्ट सांगितली. तो गप ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग मुकादमाला सांगायला पाहिजे."

म्हटलं, चल.

आम्ही गेलो. काय झालं ते पुढच्या वर्गात सांगतो. आता तुम्ही बोला.

जयभीम.